बाकाखालची चुळबूळ : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

टेबलाच्या नाहीतर खुर्चीच्या दोन पायांमध्ये ताणलेला रबरी पट्टा, टेबलाखाली झोपाळ्यासारखी टांगलेली दांडी, पायाने फिरवायची छोटी पॅडल्स. बसल्या जागी मुलांना पाय हलवता यावेत म्हणून हल्ली हे प्रकार सर्रास मिळतात. त्यांच्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसतो आणि टाचा खुर्चीच्या दांडीवर आपटत राहतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा येऊन सांगितलं. पट्टा मागवायचा आहे, कोणता घ्यावा? – एक आई, लालबाग

आत्ताच मागवू नका. आधी शिंप्याची टेप घ्या. मुलाला उभं करून गुडघ्यामागच्या घडीपासून टाचेपर्यंत मोजा. या वयात हे माप साधारण ३२ ते ३५ सेंमी भरतं. जेवणाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंमीच्या आसपास असते. म्हणजे त्याचे पाय दहा-बारा सेंमी अधांतरी लोंबकळतात. लोंबकळणारा पाय आधार शोधतो, म्हणून टाच दांडीवर जाते. याला चंचलपणा म्हणू नका, ही खुर्चीची चूक आहे.

खुर्ची बुटकी घेऊन भागत नाही, कारण टेबल तेवढंच उंच राहतं आणि मग कोपर टेबलाच्या खाली जातं, खांदे वर चढतात. तेव्हा पायाखाली उंची द्या. घरातला जेवणाचा पाट ५ ते ८ सेंमी उंच असतो. दोन पाट एकावर एक ठेवले की काम होतं, फक्त त्यांच्यामध्ये जाळीदार रबरी मॅटचा तुकडा घाला, नाहीतर वरचा पाट घसरेल. पाठ टेकत नसेल तर पाठीमागे चादरीची घडी ठेवा. बैठक खोल असली की मूल पुढे सरकत राहतं आणि तीही चुळबूळच दिसते.

आठ दिवस असं बसू द्या. आपटणं थांबलं तर पट्ट्याचे पैसे वाचले आणि काकूही खूश. पाय टेकूनही बोटं, घोटे, मांड्या हलतच राहिल्या तर मग पट्ट्याचा विचार करा. तोवर पाटावर काथ्याचं पायपुसणं टाकून बघा. अनवाणी तळवे त्यावर घासण्यातच काही मुलांचं भागतं.

मुलीकडे लोखंडी पायांचं छोटं स्टडी टेबल आहे. तयार पट्टा महाग वाटतो. सायकलच्या ट्यूबचा घरी करता येईल का? मापं द्याल का? – एक वडील, भांडुप

येईल. नीट बांधला तर तयार पट्ट्यापेक्षा जास्त टिकतो. एकच अट आहे, टेबल घडीचं नसावं. घडीच्या टेबलाचे पाय खटक्यावर उभे असतात. पट्टा ते सतत आत ओढतो आणि एखाद्या दिवशी खटका सुटून टेबल मांडीवर येतं. प्लॅस्टिकच्या साच्यातल्या खुर्चीलाही बांधू नका. तिचे पाय खाली फाकलेले असतात, त्यामुळे पट्टा वर वर सरकतो आणि पाय आत वाकतात.

आधी जागा ठरवा. टेबलाची खोली ४५ सेंमीपर्यंत असेल तर पट्टा मुलीपासून लांबच्या दोन पायांना बांधा, म्हणजे पाय पुढे सोडून त्यावर ठेवता येतील. खोली ६० सेंमी असेल तर तिथवर पोचायला ती खुर्चीत घसरत जाईल आणि पाठीचं धनुष्य होईल. अशा वेळी पट्टा खुर्चीच्या पुढच्या पायांना बांधून टाचांनी मागे ढकलायचा. दोन पायांतलं अंतर ९० सेंमीच्या वर गेलं तर पट्टा सैल पडतो, तेव्हाही खुर्चीच बरी.

सामान: २६ इंची सायकलची जुनी ट्यूब (सायकलवाला बहुधा फुकट देईल), ४० मिमी पीव्हीसी पाइपचे १२ सेंमी उंचीचे दोन तुकडे, ४.८ मिमी रुंद आणि २०० मिमी लांब चार झिप टाय (वायरी आवळायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या), कानस आणि मेजरिंग टेप.

ट्यूब व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंनी कापा. व्हॉल्व्हचा भाग फेकून द्या, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते. पंक्चरची ठिगळं असलेला भागही टाळा. आतली पांढरी भुकटी साबणाच्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर ती आठवडाभर मोज्यांवर दिसत राहील. ट्यूब पूर्ण वाळू द्या.

आता माप. दोन पायांतलं आतलं अंतर समजा ५० सेंमी आहे. तुकडा ७२ सेंमीचा कापा. २५ मिमीच्या चौकोनी पाइपभोवती एक वेढा १० सेंमी घेतो, त्यावर ५ सेंमी पदर. दोन्ही टोकांचे मिळून ३० सेंमी गेले, मध्ये ४२ उरले. हे ४२ ताणून ५० वर आणायचे. साधारण पाचवा हिस्सा ताण हा हिशेब कुठल्याही अंतराला लावा. याहून जास्त ताणलात तर पट्टा तारेसारखा कडक होतो, मूल त्यावर पाय नुसते ठेवतं आणि आठवड्यात विसरतं. कमी ताणलात तर पट्टा जमिनीला टेकतो आणि पाय त्यात अडकतो.

बांधण्यापूर्वी टेबल उलटं करा आणि पायांवरून बोट फिरवा. वेल्डिंगचे दाणे नाहीतर पाइपची धार हाताला लागली तर कानशीने घासून टाका. घरगुती पट्टे तुटतात ते बहुतेक इथेच चिरून. पायांचे रबरी बूट काढा, टेबलाच्या प्रत्येक पायावर खालून पीव्हीसीचा तुकडा चढवा आणि बूट परत बसवा. चौकोनी २५ मिमी पाइपचा कर्ण ३५ मिमी भरतो, म्हणून ४० चा पीव्हीसी. पाय गोल असतील तर ३२ चा पुरतो. पट्टा या तुकड्याच्या वर बसतो, त्यामुळे कितीही दाबला तरी १२ सेंमीच्या खाली घसरत नाही. हा तुकडा वगळून नुसता पट्टा बांधणाऱ्यांची हमखास तक्रार असते की दोन दिवसांत पट्टा जमिनीवर आला.

ट्यूबचं टोक पायाभोवती फिरवून पट्ट्यावरच आणा, शेवटचा एक सेंमी उलटा दुमडा आणि पायाला लागूनच दोन झिप टाय आवळा. दुमड नसेल तर रबर टायखालून हळूहळू निसटतं. दुसरं टोक ताणताना तोंड बाजूला ठेवा, कारण सुटलेली ट्यूब डोळ्यावर बसते. टायची शेपटी अगदी मुळाशी कापा. कापलेलं टोक ब्लेडसारखं असतं, ते पोटरीकडे न येता टेबलाच्या बाहेरच्या बाजूला जाईल असं वळवून ठेवा.

शेवटी पट्ट्याच्या मध्यावर तळहाताने जोर देऊन बघा. पाच-सहा सेंमी खाली जाऊन परत वर यायला हवा. टेबल सरकत असेल तर रबरी बूट झिजले आहेत, ते बदला.

महिन्यातून एकदा पट्टा वेढ्याच्या जागी वाकवून पाहा. बारीक भेगांची नक्षी दिसली की काढून टाका. उन्हात, खिडकीशी असलेला पट्टा लवकर जातो. पावसाळ्यात पीव्हीसीच्या आत ओल राहून लोखंड गंजतं, त्यामुळे जूनपूर्वी एकदा तुकडा काढून पायाला रंगाचा हात द्या.

माझ्या वर्गात जोडबाकं आहेत. चार मुलांसाठी पट्टे बसवायचे ठरवलं होतं, पण पहिल्याच दिवशी शेजारची मुलं म्हणाली, 'बाई, अक्षर हलतंय.' – एक शिक्षिका, कुर्ला

मुलं बरोबर बोलली. जोडबाकात बैठक, पाठ आणि लिहिण्याची फळी एकाच सांगाड्यावर असते. एकाने पाय मारला की धक्का सांगाड्यातून दुसऱ्याच्या वहीपर्यंत जातो. पट्टा कितीही मऊ घेतला तरी हे पूर्ण थांबत नाही. जोडबाकाला पट्टा बांधू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

हालचाल बाकाला न जोडता जमिनीवर आणा. सगळ्यात सोपं म्हणजे पायाखाली ठेवायची हवेची चपटी उशी. अर्धीच फुगवायची. पूर्ण फुगवली की ती टणक होते आणि निसटून पुढच्या बाकाखाली जाते. बुटांच्या टाचांनी लवकर फुटते हा तिचा दोष. दुसरं म्हणजे दोन फूट लांब फळीच्या खाली, बरोबर मध्यावर, २५ मिमी जाडीची अर्धगोल पट्टी स्क्रूने बसवून केलेली डुलती फळी. दोन्ही टोकांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे चिकटवले की फरशीवर आवाज येत नाही. लाकूडकाम करणाऱ्याला हे तासाभराचं काम आहे.

चारही मुलं एकाच रांगेत बसवू नका आणि भिंतीकडची टोकं त्यांना द्या, म्हणजे हलणारे पाय मागच्यांच्या नजरेत येत नाहीत. वर्गात दोनच नियम सांगा: पाय जमिनीजवळ राहतील आणि आवाज झाला तर फळी दिवसभर कपाटात जाईल. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांनाच ती हवी असते. त्या दिवसांत निष्कर्ष काढू नका. नवेपणा ओसरला की कोणाला खरी गरज आहे ते दिसतं.

आणखी एक. निवडणूक आली की शाळेत मतदान केंद्र होतं, बाकं इकडची तिकडे जातात. जे काही कराल ते सुटं असू द्या आणि त्यावर वर्गाचं नाव घाला.

बसून पाय हलवू नयेत असं आम्हाला लहानपणी शिकवलं. आता तेच करायला सामान विकत आणायचं? याला काही शास्त्रीय आधार आहे की नुसतं फॅड? – एक आजोबा, गिरगाव

आधार आहे, पण विक्रेते सांगतात तेवढा रुंद नाही. अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना डोक्यात माहिती धरून ठेवण्याची कामं दिली आणि त्यांची हालचाल टिपली. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं कठीण जाण्याची अवस्था) असलेली मुलं जितकी जास्त हलली तितकं त्यांचं काम चांगलं झालं. एडीएचडी नसलेल्यांच्या बाबतीत हा फायदा दिसला नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या घोट्याला हालचाल मोजणारं उपकरण बांधून लक्षाची चाचणी घेतली. एडीएचडीच्या मुलांची हालचाल बरोबर उत्तरांच्या वेळी अधिक जोरकस होती.

हे दोन्ही अभ्यास मुलांच्या आपसूक हालचालीचे आहेत, पट्ट्याचे नाहीत. त्यातून एवढंच धरायचं की काही मुलांना जबरदस्तीने गप्प बसवलं तर त्यांची अर्धी शक्ती गप्प बसण्यातच जाते. म्हणून आमचा आग्रह असतो की सरसकट सगळ्या वर्गाला पट्टे लावू नका.

तुमच्या नातवापुरतं पाहायचं तर गुणपत्रिकेकडे बघू नका, ती फार उशिरा बोलते. रोज एकाच वेळी २० मिनिटांचं शुद्धलेखन द्या. आठवडाभर पट्ट्यासह, आठवडाभर त्याशिवाय. ओळी किती झाल्या, चुका किती, जागेवरून किती वेळा उठला, एवढं वहीच्या मागे लिहा. आणि त्याचे डोळे बघा. पाय हलताहेत पण नजर वहीवर आहे तर वस्तू कामाची आहे. नजर खाली पायाकडे जात असेल तर ते खेळणं झालं, काढून टाका.

राहता राहिलं पाय हलवू नयेत हे. देवासमोर आणि पानावर बसून नकोतच. अभ्यासाला तेवढी सूट द्यावी.

आईचं जुनं पायाचं शिलाई मशीन आहे. वरचं मशीन काढून फळी बसवली तर अभ्यासाचं टेबल होईल. खालचं पॅडल तसंच ठेवावं का? – प्रभादेवी

ठेवाच. पायाला हालचाल देणारं याहून भक्कम टेबल बाजारात मिळणार नाही. ओतीव लोखंडाचा सांगाडा जागचा हलत नाही आणि पॅडल दोन्ही तळव्यांना पुरेल एवढं रुंद असतं.

पण जसंच्या तसं देऊ नका. आधी चामड्याचा पट्टा काढा. मग पॅडलपासून मोठ्या चाकाकडे जाणारा उभा दांडा खालच्या टोकाला सोडवून पूर्ण काढून घ्या. हा दांडा राहिला तर चाक फिरत राहतं, पाय थांबवला तरी पॅडल पायाला वर ढकलतं, आणि आऱ्यांमध्ये ओढणी किंवा धाकट्या भावंडाचं बोट जाण्याची भीती असते. दांडा काढल्यावर पॅडल दोन बाजूंच्या टोकदार स्क्रूंवर मोकळं झुलतं. खडखड आली तर ते स्क्रू पाव पाव आट्याने आवळा. पॅडल जड लागायच्या अगोदर थांबा आणि बाहेरचा नट घट्ट करा. मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरे, जास्तीचं तेल मोज्यांना लागतं. चाक शोभेसाठी ठेवायचं असेल तर तारेने सांगाड्याला बांधून टाका.

वरची फळी १९ मिमीच्या प्लायवूडची घ्या. उंचीकडे लक्ष असू द्या, फळी बसल्यावर टेबल मोठ्या माणसाच्या मापाचं होतं.

टेबलाखाली झुलती दांडी टांगली होती. महिन्याभरात हुक स्क्रूसकट बाहेर आले. – मुलुंड

टेबल पार्टिकल बोर्डचं असणार. तो लाकडाचा भुसा दाबून केलेला असतो. सरळ वजन तो पेलतो, पण झुलणारं वजन स्क्रूला दोन्हीकडे हलवतं आणि भोक मोठं होत जातं. पावसाळ्यातल्या हवेने फुगला की पकड आणखी सुटते. त्याच भोकात जाड स्क्रू घालू नका, चार दिवसांत तोही येईल.

दांडी टेबलाच्या पृष्ठभागाला न टांगता बाजूच्या उभ्या फळ्यांना टांगा. प्रत्येक फळीत आरपार भोक पाडून ६ मिमीचा आयबोल्ट (टोकाला कडी असलेला बोल्ट) घाला, दोन्ही बाजूंना निदान २५ मिमीचे वॉशर आणि शेवटी नायलॉनचा लॉकनट. साधा नट झुलण्याने सैल होतो. दांडी जमिनीपासून १० ते १२ सेंमीवर असावी आणि दोन्ही टोकांना फळीपासून दोन बोटं जागा सुटावी. टोकांवर ट्यूबचा तुकडा चढवला की ठोकाठोकी बंद होते. दोर बांधायचा असेल तर नायलॉनचा नको, तो ताणाने लांबतो आणि दांडी एका बाजूला उतरते. बारीक साखळी घ्या.

आमच्या घरात टेबल-खुर्चीच नाही, मुलं जमिनीवर बसतात. – परळ

मग तुम्हाला यातलं काहीच घ्यायला नको. जमिनीवर मूल दर पाच मिनिटांनी मांडी, वज्रासन, एक पाय उभा, पाय लांब असं बदलत राहतं, खुर्चीत बसलेल्याला पट्टा जे देतो ते त्याला आपोआप मिळतं. फक्त 'नीट मांडी घालून बस' म्हणू नका. लिहायला उतरता छोटा डेस्क द्या, म्हणजे मान फार वाकत नाही.

सीएच्या अभ्यासासाठी टेबलाखालची पॅडल्स घेऊ का? – विलेपार्ले

वाचायला चालतील, लिहायला नाही. पॅडल मारताना कंबर डोलते आणि हात थरथरतो. घेण्यापूर्वी खुर्चीत बसून गुडघा दहा-पंधरा सेंमी वर उचलून बघा. टेबलाच्या खणाला लागला तर पैसे वाया. घासणारा पट्टा असलेल्यांपेक्षा चुंबकाच्या विरोधावर चालणारी शांत असतात. फरशीवर ती पुढे सरकतात, म्हणून खाली रबरी मॅट लागतेच.

व्यायामाचे रंगीत पट्टे वापरले तर? मुलीच्या पोटरीवर लाल चट्टे उठले. – दहिसर

चट्टे पट्टा लागतो तेवढ्याच जागी आणि खाज येणारे असतील तर नैसर्गिक रबराची ॲलर्जी असू शकते. पट्टा लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. फुगे फुगवताना ओठ सुजतात का तेही त्यांना सांगा. पुढे घ्यायचाच झाला तर लॅटेक्स (नैसर्गिक रबर) नसलेला मागा. धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत विचारून घेता येईल. रंगांचा क्रम प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो, पण प्रचलित क्रमात पिवळा मऊ, मग लाल, हिरवा, निळा, काळा. प्राथमिकच्या मुलांना लाल किंवा हिरवा पुरतो. हे पट्टे पातळ असतात, एकेरी बांधले तर सुरळी होऊन दोरीसारखे रुततात. दुहेरी घ्या आणि घरीही मोजे घालायला लावा.

दहावीच्या परीक्षेला पट्टा नेता येईल का? – भायखळा

परीक्षा केंद्रावर बाक दुसऱ्या शाळेचं असतं, तिथे काही बांधता येईल हे धरून चालू नका. अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना मंडळाच्या सवलती मिळतात, जादा वेळ वगैरे, त्यासाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो. मुंबईत अशा तपासणीची सोय शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आहे. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नववीतच सुरुवात करा.

सराव मात्र पट्ट्याशिवायचा हवा. शेवटच्या दोन महिन्यांत सराव प्रश्नपत्रिका पट्टा न लावलेल्या टेबलावर सोडवायला द्या. बुटांच्या आत बोटं मुडपून सोडणं आणि दोन्ही तळवे जमिनीवर दाबून दहा अंक मोजणं, या दोन गोष्टी मुलाला तेव्हाच शिकवून ठेवा. त्या बाहेरून दिसत नाहीत आणि बाकही हलत नाही.